डोळ्यानं नको, नाकानं भाज

आत्याबाई, तुमच्या तेराव्याला अख्खी आळी माझ्या हातचं जेवून गेली आणि हात धुता धुता म्हणाली, "म्हातारी गेली, चव गेली." कटाची आमटी दोन-दोनदा मागून घेतली होती बरं का. वाढून वाढून माझं मनगट भरून आलं. तुमची लेक, आमच्या वन्सं, तर वाटी तोंडाला लावून रडल्या. "वहिनी, हा आईचा मसाला ना? आईचा हात लगेच कळतो," म्हणाल्या आणि जाताना बरणीतला उरलासुरला मसाला फडक्यात बांधून घेऊन गेल्या. लेक आहे, नेऊ दे. पण तो मसाला कुणाच्या नाकानं भाजला होता, हे ठाऊक असणारी दोनच माणसं होती. त्यातल्या तुम्ही गेलात, आणि मी मागं भांडी घासत बसले.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुमच्यासमोर सोळा वर्षं बोलले नाही, ते सगळं आता बोलणार आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मी सातवी पास म्हणून मला चिडवायला 'मास्तरीणबाई' म्हणायचात. म्हणूनच बहुतेक लिहायला इतकं मोकळं वाटतंय.

मी पाथर्डीकडची, कोरड्या माळावरची. लग्न होऊन इकडे देवळालीच्या बाजूला आले तेव्हा उसाचा हंगाम होता. पहिल्याच सकाळी कारखान्याच्या मळीचा वास आला आणि मी अंगणात भडाभडा ओकले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकीनं तर "लगीच?" असं विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही तेवढ्या हसला नाहीत. पाण्याचा तांब्या दिलात आणि म्हणालात, "नाकाला सवय लागंल. मग तुलाच कळायचं न्हाई वास कुठं गेला ते." वर्षभरात तसंच झालं. माहेराहून माझा भाऊ आला आणि नाक धरून विचारायला लागला, हा कसला वास? मी म्हटलं, कसला? तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. ते हसू मला आवडलं होतं. हेही सांगते, नाहीतर म्हणाल, सुनेनं नुसती गाऱ्हाणी लिहिली.

काय नाक होतं हो तुमचं! ओट्यावर बसून सांगायचात, कुणाच्या घरी फोडणीत लसूण आधी पडला आणि कुणाच्या घरी जिरं. दही लागलंय की अजून तासभर हवंय, हे झाकण न उघडता सांगायचात. चैत्र सरला की सगळी आळी काळ्या मसाल्याचं सामान घेऊन आपल्या दारात यायची. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, मिरच्या, ज्याचं त्याचं वेगळं गाठोडं. भाजायचं मात्र तुम्हीच. चुलीपुढं डोळे मिटून बसायचात आणि उलथनं फिरवायचात. मला शेजारी बसवून घेतलंत, हे खरं. "डोळ्यानं भाजू नगं, नाकानं भाज. रंग फसिवतो. आधी कच्चा वास जातो, मग गोडसर येतो, मग येक वास असा येतो की तुला कुनी हाक मारल्यावानी वाटंल. तवा उतरव." मी चार वर्षं ती हाक ऐकायला शिकत होते. पहिल्यांदा आली तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "हां, तीच." माझ्या आईनंही मला कधी इतकं मन लावून काही शिकवलं नाही.

मग तो ताप आला. दुष्काळाच्या आदल्या सालची थंडी. पंधरा दिवस तुम्ही अंथरुणाला खिळून होतात, नाक-डोकं सगळं गच्च. उठून बसलात आणि पहिल्या जेवणाला ताट बाजूला सारलंत. "हिच्या हाताला चवच न्हाई."

त्या दिवसापासून रोज. भाजीत मीठ घालून घेतलंत, वर मिरचीचा ठेचा घेतलात, तरी चव नाही. आल्यागेल्याला सांगितलंत. वन्सं होळीला आल्या, त्यांना सांगितलंत. हाताला चव नसणं म्हणजे काय असतं, हे बाईलाच कळतं. सैपाक चुकला तर उद्या सुधारता येतो. हाताला चवच नाही म्हटलं की मग हात तोडून टाकायचा का? मी तेच मीठ, तेच तेल, तीच फोडणी घालत होते. चोरून चाखायची, मला तर बरं लागायचं. मग वाटायचं, माझ्याच जिभेत खोट असेल.

तुमचा लेक तर तुमचाच. एके दिवशी मी एका पातेल्यातल्या आमटीच्या दोन वाट्या केल्या. पहिली देताना म्हटलं, आत्याबाईंनी फोडणी दिलीय. ते भुरका मारून म्हणाले, "हां! ही आईची." दुसरी देताना म्हटलं, ही माझी. दोन घोट घेतले, वाटी खाली ठेवली. "बरी हाय. पन आईची ती आईची." मी चुलीपुढं तोंड फिरवून खदाखदा हसले. मग तिथंच बसून रडले. माणूस जिभेनं कमी आणि कानानं जास्त जेवतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग त्याच उन्हाळ्यातला मसाला. आत्याबाई, इथं मी थांबणार नाही. त्या दिवशी मी ओट्यावर उखळाशी होते. समोरच्या तान्हाबाई माझ्यासमोर दुसरं मुसळ घेऊन उभ्या. आम्ही दोघी मिरच्या कांडत होतो, ठसक्यानं नाकातोंडातून पाणी वाहत होतं. आत चुलीपुढं तुम्ही एकट्या, धणे कढईत, डोळे मिटलेले. मी कढईला बोटही लावलं नाही. चार दिवसांनी बायका आल्या, हातात वाट्या घेऊन. "म्हातारे, मसाला कडू लागतोय गं. सगळ्यांचाच." तुम्ही बोट बुडवून जिभेवर ठेवलंत. बोट पदराला पुसलंत. मग म्हणालात, "मी जरा उठले हुते. सून बसली हुती कढईपाशी. काय करावं, हिच्या हाताला चवच न्हाई."

माझे हात पिठानं भरलेले होते. मी दारात उभी होते. तान्हाबाई माझ्याकडं बघत नव्हत्या, पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत होत्या. त्यांना ठाऊक होतं. पण तुमच्यापुढं बोलायची कुणाची टाप होती? त्या दिवसापासून लग्नकार्यात मला कुणी चुलीजवळ येऊ दिलं नाही. मी गेले की म्हणायच्या, "तू पीठ मळ गं, ते बरं मळतीस." सहा आचारी बायकांच्या मागं बसून मी परातीत पीठ मळत राहिले. लोक कुजबुजायचे ते मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात.

मग त्या पावसाळ्यात पाऊसच नाही. कॅनॉलला पाणी नाही. रेशनवर मिलो आला, परदेशातली तांबडी ज्वारी. भाकरी थापली की घरभर जुन्या पोत्याचा वास सुटायचा. माझी लेक शालन तोंडच लावेना, तुमचा लेक श्वास रोखून गिळायचा. तुम्ही मात्र चतकोर भाकरी मिरचीबरोबर शांतपणे खायचात. "काय वाईट हाय? अन्नाला नावं ठिवू न्हाई." सगळी आळी म्हणायची, म्हातारीची काय समजूत! मी तुमच्याकडे बघत राहिले. सायीला धुरकट वास आला तर अख्खं भांडं म्हशीपुढं ओतणारी बाई ही, आणि मिलोचा वास हिला लागत नाही?

संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा भावाला विचारलं. तो कोपरगावकडे हायस्कुलात शास्त्र शिकवतो, त्याला तेवढंच हवं होतं. म्हणाला, डोळे मीट, नाक चिमटीत धर. तोंडात काहीतरी घातलं. चावलं, कळेना. लाकडाचा भुसा असावा तसं. नाक सोडलं आणि घशातून ओवा एकदम वर आला. "बघ, जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढंच कळतं. बाकी सगळी चव नाकाची. वाईट सर्दीतापात नाकातल्या शिरा मरतात. कुणाच्या परत येतात, कुणाच्या नाही."

"मग तिखट?"

"तिखट ही चवच नाही. ते पोळणं आहे. नाक गेलं तरी पोळतंच."

म्हणून ते मीठ, म्हणून तो ठेचा. मला वाटलं होतं, हे कळल्यावर मी आनंदानं नाचेन. माझ्या हाताला चव होती! पण त्याचं आधीचं एक वाक्य माझ्या डोक्यात रुतलं. कडू कळतं. नाक गेलं तरी कडू कळतं. म्हणजे त्या दिवशी वाटीत बोट बुडवलंत तेव्हा मसाला कडू झालाय हे तुम्हाला कळलं होतं. का झालाय, तेही कळलं होतं. आणि ते कळल्यावर तुम्ही माझं नाव घेतलंत. आत्याबाई, हे मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुमच्या फोटोला हार घालते तेव्हाही नाही.

खात्री करायची म्हणून मी एक हलकट काम केलं. तुम्ही दारात पाठमोऱ्या बसून केस विंचरत होतात. मी हिंगाची डबी उघडून मागून तुमच्या नाकाशी धरली. फणी थांबली नाही. मी डबी आणखी जवळ नेली. तुम्हाला माझ्या हाताची सावली दिसली असावी, तुम्ही मान वळवलीत. डबी बघितलीत. मला बघितलंत. मग फणीतले केस काढत म्हणालात, "झाकान लाव. वास उडून जाईल."

एवढंच. त्यावर आपण दोघी पुन्हा कधी एक शब्द बोललो नाही.

त्या उन्हाळ्यात मसाला थोडाच होता, दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बायकांनी मूठ-मूठ सामान आणलं होतं. मी वाटच बघत होते. म्हटलं, आता बसू दे म्हातारीला चुलीपुढं, आता कळू दे सगळ्यांना. तुम्ही कढई ठेवलीत आणि म्हणालात, "माझी कंबर धरलीय. सून हालवंल, मी खाटंवरून सांगते." बायकांनी नाकं मुरडली. मी उलथनं हातात घेतलं. धण्यांचा कच्चा वास गेला, गोडसर आला, आणि मग ती हाक आली. मी गप्प राहिले असते तर? तुम्ही खाटेवर डोळे मिटून बसला होतात. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फक्त कान माझ्याकडे होते. माझा हात आपोआप कढईच्या काठावर गेला आणि काकणं वाजली.

"उतरव," तुम्ही म्हणालात.

तीळ, खोबरं, दगडफूल, प्रत्येकाला काकणं आणि प्रत्येकाला "उतरव". बायका म्हणाल्या, एवढ्या लांबून! म्हातारीचं नाक अजून शाबूत हाय. मसाला असा झाला की अजून लोक नाव काढतात. तुमचं.

मग रोजचंच झालं. तूप कढलं की काकणं, दूध लागायला आलं की काकणं. चारचौघांत तुम्ही आधी बोलायचात आणि मी मान डोलवायची. एका शब्दानं सगळं फोडता आलं असतं. का फोडलं नाही, सांगू? ताप येऊन गेल्यावर तुम्ही शालनला मांडीवर घेऊन तिच्या टाळूला नाक लावायचात. पहिल्यापासूनची सवय तुमची. पूर्वी लावायचात आणि हसायचात. नंतर लावायचात आणि तसंच धरून ठेवायचात. इकडे हुंगायचात, तिकडे हुंगायचात, काहीतरी हरवल्यासारखं. पोरगी वैतागून सुटायची. मी चौकटीआडून बघायची. ज्याला नातीचा वास येत नाही, त्याच्याशी मी हाताच्या चवीवरून काय भांडू?

पण एकदा, एकदा तरी म्हणायचं होतंत. जगाला नको, मला. मागीलदारी, कुणी नसताना. "सूनबाई, तुझ्या हाताला चव हाय." मी ते कुणाला सांगितलंही नसतं. शेवटल्या आजारात मी आठ दिवस तुमच्या उशाशी होते, ह्याच आशेनं होते, खोटं कशाला बोलू? शेवटच्या दिवशी मी जिऱ्याची फोडणी देऊन तांदळाची पेज केली. दोन चमचे घेतलेत, माझ्याकडे बघितलंत, ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"मीठ कमी हाय."

हे तुमचे माझ्याशी शेवटचे शब्द. मी उठून मीठ घालून आणलं, तोवर तुमचा डोळा लागला होता आणि तुम्ही पुन्हा जाग्या झाला नाहीत.

काल आळीचा मसाला होता. तुमच्या घरची रीत म्हणून बायका आल्या, माझ्या भरवशावर नाही. तुमची खाट जागेवरच आहे, तिच्यावर कुणी बसलं नाही. मी कढई ठेवली, धणे घातले. पहिल्यांदाच एकटी. आळीला दाखवून द्यायचं होतं मला. कच्चा वास गेला. गोडसर आला. मग ती हाक आली, अगदी लख्ख. मी काकणं वाजवली.

आणि थांबले.

उलथनं हातात, नाक सांगतंय उतरव, आणि मी खाटेकडं कान लावून बसलेली. किती वेळ थांबले मला ठाऊक नाही. धूर डोळ्यांत गेला तेव्हा तान्हाबाई ओरडल्या, "अगं जळालं! उतरव की!"

बायका गोळा झाल्या. म्हातारी असती तर, असं कुणीतरी म्हणालंच. मी कढई खाली ठेवली आणि म्हटलं, "ह्या वेळी मीच जाळला."

तान्हाबाईंनी ते 'ह्या वेळी' बरोबर पकडलं. हातातलं मुसळ त्यांनी भिंतीला टेकवलं. "मागल्या येळी तू माझ्यासंगं मिरच्या कांडत हुतीस," त्या म्हणाल्या. "कढईपाशी नव्हतीसच. मला ठावं हुतं. म्हातारीच्या भयानं बोलले न्हाई. आज बोलते, सगळ्यांच्या म्होरं."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आत्याबाई, तीन वर्षं मी ह्या वाक्याची वाट बघितली. आणि ते आलं तेव्हा मला तुम्ही दिसलात, त्या दिवशीच्या, चुलीपुढं डोळे मिटून बसलेल्या. तुम्हीही अशाच थांबला असाल. जन्मभर न चुकता येणारी हाक आज येईना, आत्ता येईल, आत्ता येईल म्हणून थांबला असाल. आणि तुमच्यापाशी काकणं वाजवायलाही कुणी नव्हतं.

"नाही मावशी," मी म्हटलं. "तुमच्या ध्यानात नाही. मी मधे उठले होते, कढईपाशी बसायला."

तान्हाबाईंनी मुसळ उचललं.

जळके धणे उकिरड्यावर टाकायच्या आधी मी दोन दाणे तोंडात घातले. कडू जहर. एवढं तुम्हालाही कळलं असतं. राग माझा आहे तिथंच आहे, तो काही गेला नाही. धणे पुन्हा आणायला सांगितलेत, उद्या परत भाजायचेत. उद्या मी काकणं मागं सारून बसणार आहे.